आपल्या घरातला रोबो कोण?

दिवसभराचे काम उरकून घरातील माणसे टी.व्ही.समोर बसली म्हणजे पुढे काय लागले आहे याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. अंग टेकायला मिळाले, हेच पुष्कळ. परंतु मुले मात्र डोळे लावून पाहत असतात आणि जे पाहतात ते मनात साठवून ठेवतात. म्हणून मालिका ही नुसती करमणूक आहे असे समजून सोडून देऊ नये, असे आम्हांस वाटते. आज आम्ही एका वेगळ्याच तऱ्हेच्या मालिकांविषयी लिहिणार आहोत. हुबेहूब माणसासारखे दिसणारे यंत्र, म्हणजे रोबो, एखाद्या चारचौघांसारख्या कुटुंबात येऊन राहते, अशी या मालिकांची गोष्ट असते.

'स्मॉल वंडर' ही अमेरिकन मालिका १९८५ ते १९८९ या काळातली. नव्वदच्या दशकात ती हिंदी आवाजात आपल्याकडे आली. आज जे आईबाप आहेत त्यांतील अनेकांनी लहानपणी ती पाहिली असेल. त्यातील इंजिनिअर बाप विकी नावाची यंत्रमुलगी तयार करतो, घरी आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती आपली दत्तक मुलगी असल्याचे सांगतो. ही मुलगी झोपते कोठे? तर कपाटात! २००३ साली स्टार प्लसवर याच गोष्टीची हिंदी आवृत्ती 'करिश्मा का करिश्मा' या नावाने आली. त्यात झनक शुक्ला या बालकलाकाराने करिश्माचे काम केले होते.

पुढे २०१६ साली लाईफ ओके वाहिनीवर 'बहू हमारी रजनी_कांत' ही मालिका सुरू झाली. नाव घेतले होते ते सुपरस्टार रजनीकांत यांच्यावरून. बंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, एकेकाळचे बस कंडक्टर, २०१० च्या 'रोबोट' चित्रपटात शास्त्रज्ञ आणि रोबो अशा दोन्ही भूमिकांत दिसले होते. मालिकेत मात्र रोबो आहे घरची सून. शास्त्रज्ञ नवरा तिला मुंबईतल्या आपल्या भरल्या घरात बायको म्हणून आणतो आणि घरच्यांना पत्ताच लागत नाही की ही बाई माणूस नसून यंत्र आहे. रिधिमा पंडित यांनी रजनी रंगविली होती. मालिका विनोदी, प्रेक्षक खूप हसले.

पण थोडा विचार करा. एवढ्या माणसांच्या घरात सून यंत्र आहे हे कोणाच्याच लक्षात का येऊ नये? आम्हांस याचे उत्तर सोपे वाटते. सांगितलेले काम करावे, दमले म्हणू नये, उलट बोलू नये, स्वतःसाठी काही मागू नये, असेच तर सुनेने वागावे अशी अनेक घरांची अपेक्षा असते. यंत्र नेमके तसेच वागते. मग ओळखायचे कशावरून? पडद्यावरची रजनी यंत्र असून सून म्हणून खपली. आपल्या कित्येक भगिनी माणूस असून यंत्र म्हणून वापरल्या जातात, त्यावर मात्र कोणी विनोदी मालिका काढीत नाही.

आता या 'रोबो' शब्दाची जन्मकथा ऐका. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले. ते १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग शहरात रंगभूमीवर आले. त्यात एक कारखाना कृत्रिम मजूर तयार करून जगभर विकतो. त्यांना पगार नको, सुटी नको. या मजुरांना नाव काय द्यावे, हे चापेकला त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने सुचविले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम. त्यावरून 'रोबोट'. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ! रोबो म्हणजे वेठबिगार. त्या देशातील शेतकऱ्यांची ही वेठ १८४८ साली कायद्याने बंद झाली, पण शब्द उरला आणि यंत्राला चिकटला. नाटकात पुढे हे राबणारे रोबो बंड करून उठतात.

वेठ म्हणजे काय, हे आम्हांला परदेशातील नाटकावरून शिकण्याची गरज नाही. आपल्या आजा-पणजांनी ती भोगलेली आहे. महारकीचे वतन म्हणजे रात्री-अपरात्री कधीही बोलावणे येणार. सरकारी टपाल पोचवा, अधिकाऱ्याबरोबर धावा, मेलेली ढोरे ओढा. वतनदार घरी नसला तर घरातील दुसऱ्याने जायचे. कामाला वेळ नाही, मोबदल्याला हिशेब नाही. बटण दाबताच चालू होणारे यंत्र आणि हाक येताच उठणारा वतनदार, यांत गावाच्या लेखी काय फरक होता?

बाबासाहेबांनी हा फरक सरकारला आणि समाजाला दाखवून दिला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९४१ च्या फेब्रुवारीत ते आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली आणि १९७६ च्या कायद्याने देशभर वेठबिगारीवर बंदी आली. म्हणजे चापेकच्या नाटकातील रोबोंनी जे बंड करून मिळवू पाहिले, ते आपल्या माणसांनी संघटना, परिषदा आणि कायदा या मार्गाने मिळविले. मुलांना रोबोची गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगितली पाहिजे.

वेठ गेली, तरी माणसाकडे अवजार म्हणून पाहण्याची नजर गेली का? दिवाळीच्या आसपास भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोन जिवंत माणसे आणि त्यांचे नाव काय, तर हातातल्या हत्याराचे! एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. आजारी पडून कामावर गेला नाही तर खाडा, म्हणजे पैसे कापले. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये हेही त्यामागचे एक कारण असल्याचे तेव्हा पुढे आले. शरीराचा एखादा भाग कामाच्या आड येतो म्हणून काढून टाकावा, ही गोष्ट यंत्राच्या बाबतीत शोभते, माणसाच्या नव्हे.

आणि आता उसाच्या फडात खरीखुरी यंत्रे आली आहेत. ऊस तोडणारी हार्वेस्टर अनेक ठिकाणी फिरताना दिसतात. काहींना वाटते, यंत्र आले की गरिबाची भाकरी गेली. ही भीती खोटी नाही. परंतु यंत्राला शिव्या देऊन चालणार नाही. काही कामे माणसाने करूच नयेत अशी असतात. केरळच्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ साली 'बँडिकूट' नावाचा रोबो काढला. तो गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरून घाण उपसतो. त्या मॅनहोलमध्ये उतरून कोणत्या समाजाची माणसे गुदमरून मेली, हे आपणांस वेगळे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविण्यास बंदी आहे, तरीही मृत्यू थांबले नाहीत. तेथे यंत्र उतरत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. यंत्राची मालकी कोणाची? आणि ज्याच्या हातचे काम गेले त्याच्या मुलाला ते यंत्र चालविण्याचे, दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळणार की नाही? आय.टी.आय.मध्ये, तंत्रनिकेतनात आपली मुले आणि मुली किती जातात, यावर याचे उत्तर अवलंबून आहे.

शेवटी एका इंग्रजी मालिकेविषयी. 'ह्यूमन्स' ही मालिका ब्रिटनमध्ये २०१५ ते २०१८ या काळात दाखविली गेली. ती 'खरी माणसे' अशा अर्थाच्या नावाच्या एका स्वीडिश मालिकेवर आधारलेली होती. त्यात बायको कामासाठी बाहेरगावी गेली असताना नवरा तिला न विचारता घरकामासाठी रोबो विकत आणतो. घरचे तिचे नाव ठेवतात अनिता. अनिता स्वयंपाक करते, घर आवरते आणि रात्री धाकट्या मुलीला गोष्ट वाचून दाखविते. एके दिवशी ती मुलगी म्हणते, मला अनिताच हवी, कारण ती वाचताना घाई करीत नाही. आईच्या काळजात चर्र होते. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या आईकडे घाई न करण्याइतका वेळ तरी कोठे असतो? पुढे अनिताला मन आहे, वेदना आहे, हे कळल्यावर हीच वकील आई रोबोंच्या हक्कांसाठी उभी राहते. आणि रोबोंना मन आहे हे जगजाहीर झाल्यावर माणसे काय करतात? त्यांना कुंपणाआडच्या वेगळ्या वस्तीत ठेवतात. हे पाहताना गावकुसाबाहेरचा आपला वाडा आठवल्यावाचून राहत नाही. लिहिणारे ब्रिटनचे, पण माणसाला दूर लोटण्याची रीत त्यांनाही बरोबर ठाऊक आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, अशी मालिका लागली तर मुलांबरोबर बसून जरूर पाहा. ती संपली की मुलांना विचारा, त्या घरातले कोणते काम रोबोच्या माथी मारले होते? भांडी, केर, पाणी, स्वयंपाक? मग विचारा, आपल्या घरात ही कामे कोण करते? बहुतेक घरांत सगळ्यांची बोटे एकाच बाईकडे वळतील. तिला आज कोणी विचारले का, तू जेवलीस का, तुझे पाय दुखतात का? जिने कोणाला नकार देऊ नये अशी आपली अपेक्षा असते, ती आपल्या घरातली वेठ. बाहेरची वेठ मोडायला आपल्या माणसांना परिषदा घ्याव्या लागल्या, कायदे करून घ्यावे लागले. घरातली मोडायला आज रात्री जेवून उठताना स्वतःचे ताट स्वतः घासले आणि उद्या सकाळी मुलाच्या हातात झाडू दिला, तरी सुरुवात होते.