चौदा मिनिटांची मुदत

20 जानेवारी 2005. जागतिक वेळेनुसार सकाळी 6:36 वाजता सूर्यावरच्या 10720 या डागसमूहात ज्वाला उसळू लागली. 6:50च्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडच्या न्यूट्रॉन मॉनिटरांचे आकडे उड्या मारू लागले. ज्वालेचा कळस व्हायला अजून दहा मिनिटं होती! ‘सोहो’च्या कोरोनाग्राफने 6:54ला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) टिपली खरी, पण पुढच्या चित्रांवर प्रोटॉनांच्या माऱ्याने नुसता बर्फ पडलेला. सीएमईचा वेग मोजून प्रोटॉनांचं भाकीत करणारी आपली मॉडेलं अशा दिवशी वरातीमागून घोडं ठरतात.

बरं, नुसती ज्वाला पाहून घंटा वाजवावी, तर ऑक्टोबर 2014 आठवावा. 12192 हा अवाढव्य डागसमूह. एक्स वर्गाच्या सहा ज्वाला त्याने दिल्या, पण सीएमई जवळपास नाहीच आणि प्रोटॉनांचं वादळही नाही. तेव्हा सहा वेळा अंतराळवीरांना आडोशाला पाठवणाऱ्याचं सातव्या वेळी कोण ऐकेल?

आमच्याकडे येणाऱ्या निबंधांत मात्र ही ओढाताण क्वचितच दिसते. दिसते ती अचूकतेची टक्केवारी. 10 एमईव्हीपुढच्या प्रोटॉनांनी 10 पीएफयूची पातळी ओलांडण्याच्या घटना सुमारे चार हजार दिवसांच्या सौरचक्रात शंभराच्या आतच असतात. म्हणजे डोळे मिटून रोज ‘आज काही नाही’ म्हणणारं मॉडेलही 97 टक्क्यांच्या वर गुण घेतं. दुष्काळी माण तालुक्यात रोज ‘आज पाऊस नाही’ म्हणणाऱ्याला आपण हवामानतज्ज्ञ म्हणत नाही.

‘आज काही नाही’ हे भाकीत मोलाचं नाही, असं नव्हे. यानाबाहेर काम करायला निघालेल्या माणसाला हवं असतं ते नेमकं हेच. पण ते ठामपणे सांगायचं, तर फसलेल्या ‘नाहीं’चा हिशेब आधी मांडावा लागतो. आणि ‘आहे’ म्हणायचं, तर हाती किती मिनिटं उरली तेही. प्रोटॉनांच्या आधी पोचणारे वेगवान इलेक्ट्रॉन पाहून इशारा देण्याची पद्धत याच हिशेबामुळे टिकली. तिची मुदत फार तर तासाभराची, पण ती प्रामाणिकपणे सांगितलेली. ‘आदित्य-एल1’वरचं ‘हेलिओस’ आता ज्वालेच्या पहिल्या क्षणांतले उच्च ऊर्जेचे क्ष-किरण टिपतं. त्या नोंदींवर उभी राहणारी मॉडेलंही याच कसोटीला उतरायला हवीत.

पुढच्या अंकापासून भाकिताच्या निबंधात तीन आकडे लागतील: हुकलेल्या घटना, खोटे इशारे आणि इशारा व कण यांमधली मिनिटं. ते नसतील, तर निबंध परीक्षकांकडे जाणार नाही.