चुंबकाचा फोटो काढायला इंदूर पुरेल का?

उमरखेडच्या बसस्टँडवर काढलेला सेल्फी क्लाउडवर गेला की तो राहतो कुठे? फोनमधली मेमरी विजेच्या चार्जवर चालते, पण डेटा सेंटरमध्ये अजूनही ढिगाने हार्ड डिस्क आहेत. तिथे तुमचा चेहरा म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक चुंबकीय ठिपके. साध्या मायक्रोस्कोपला ते दिसणारच नाहीत, कारण आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लाटच साधारण ४०० नॅनोमीटरपासून सुरू होते.

म्हणून सिंक्रोट्रॉनचा एक्स-रे लागतो. १९८७ मध्ये जर्मनीत गिझेला श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उजवीकडे आणि डावीकडे फिरणारे एक्स-रे चुंबकीय लोखंड सारखे शोषत नाही. दोन्हींनी एकेक फोटो घ्या, एकातून दुसरा वजा करा, उरतं ते चुंबकत्व! लोखंडासाठी ऊर्जा साधारण ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, कोबाल्टसाठी ७७८. त्यामुळे एकाच थरातले दोन धातू वेगवेगळे बघता येतात. शिवाय रिंगमधले इलेक्ट्रॉन घोळक्याने धावतात, म्हणून प्रकाश फ्लॅशसारखा येतो आणि बदलत्या चुंबकाचा चक्क व्हिडिओ बनतो.

अडचण लेन्सची. बर्कलेच्या मायक्रोस्कोपने २००५ मध्ये १५ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली. त्यापुढे लेन्स घासण्यापेक्षा गणित स्वस्त पडतं: नमुन्यावरून विखुरलेल्या किरणांचे एकमेकांवर चढणारे शेकडो ठसे घ्यायचे आणि अल्गोरिदमने चित्र उभं करायचं. (माझ्यासारख्या कोडवाल्याला हाच भाग भारी वाटतो.) पण त्यासाठी लाटा एका तालात हव्यात, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत बारीक हवा.

जगभरची अपग्रेड याचसाठी चालली आहेत. स्वीडनच्या मॅक्स-४ मध्ये झोताचा पसारा ०.३३ नॅनोमीटर-रेडियन आहे. इंदूरच्या इंडस-२ चं मूळ डिझाइन ५८ चं. २००५ पासून चालणारं, १७२ मीटर घेराचं ते मशीन आपल्यासाठी मोठंच काम होतं, पण हा फरक पावणेदोनशे पटींचा आहे.

भारताच्या प्रस्तावित नव्या सिंक्रोट्रॉनची ऊर्जा ६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट असणार आहे. एवढी ऊर्जा जास्त भेदक एक्स-रेसाठी सोयीची; चुंबकाच्या फोटोला लागणारे ७००-८०० व्होल्टचे मऊ किरण तिचं नैसर्गिक काम नाही. मॅक्स-४ ने यासाठी शेजारी दुसरी छोटी रिंगही बांधली. आपल्या आराखड्यात मऊ किरणांची सोय आत्ताच झाली नाही, तर नव्या मशीननंतरही चुंबकवाल्या पोरांना परदेशी मशीनवर चार-पाच दिवसांच्या वेळेसाठी अर्जच करत बसावं लागेल.