गाडीतला मुक्काम आणि समुद्रकाठची पाटी



सुगी आटोपली, दिवाळी झाली, की घराघरांत एक विषय निघतो. औंदा समुद्र बघायचा. देशावर आणि मराठवाड्यात आजही अशी कितीतरी म्हातारी माणसे आहेत, की ज्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मग चार घरे मिळून गाडी ठरवतात. जीप नाहीतर मिनीबस. गाडीत शेगडी, पिठाचा डबा, तांदूळ, तिखट-मीठ आणि अंथरूण-पांघरूण भरायचे. लॉजचे भाडे बारा माणसांना परवडत नाही. तेव्हा रात्री बायामाणसे व मुले गाडीत झोपतील, बाप्ये खाली सतरंजीवर पडतील, असा हिशेब असतो. हिशेब काही चुकीचा नाही.

पण अलीकडे या हिशेबाला एक पाटी आडवी येते. ‘येथे रात्री वाहन उभे करू नये.’ ‘येथे उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई आहे.’ गोव्यात तर हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. २०१९ साली तिथल्या सरकारने पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून, किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे व स्वयंपाक करणे यांस एकट्याला दोन हजार व जथ्याला दहा हजार रुपये दंड ठरवला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यटन खात्याचा आदेश निघाला. उघड्यावर स्वयंपाक, कचरा टाकणे, पुळणीवर गाडी चालवणे या सगळ्यांना पाच हजार ते पन्नास हजार दंड. आता तुम्हीच बघा, कांद्याच्या पट्टीतून चार पैसे बाजूला काढून सहलीला निघालेल्या कुटुंबाला असा दंड बसला, तर ती सहल केवढ्याला पडेल?

अशा वेळी मनात पहिला विचार येतो, की ‘आम्ही गरीब म्हणून आम्हाला हाकलतात. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याला कोण विचारतो?’ या बोलण्यात काही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. खोली घेणाऱ्याची घाण खोलीच्या भिंतीआड राहते, आपली उघड्यावर दिसते. पण पाटी लावणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण समुद्रकाठीही तुमच्या-आमच्यासारखेच शेतकरी आणि कोळी राहतात.

कोकणात पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे आपल्याला ऐकून माहीत असते. तिथे पाण्याला काय तोटा, असे वाटते. प्रत्यक्षात जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नाही. पाऊस उताराने समुद्राला जातो आणि फेब्रुवारी-मार्चनंतर कितीतरी वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला, तर खालून खारे पाणी आत शिरते आणि नारळी-पोफळीला ते बाधते. त्या विहिरीवर बाहेरगावची दहा-दहा माणसे आंघोळी करू लागली, गाडी धुऊ लागली, तर गावकऱ्याच्या पोटात गोळा येणारच. दुसरी गोष्ट शौचाची. पन्नास गाड्या रात्री किनाऱ्याला थांबल्या आणि शौचालय एकही नसले, तर सकाळी तिथे काय अवस्था होते ते मी लिहीत नाही. आणि तिसरी गोष्ट कासवांची. मंडणगड तालुक्यातल्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात. गाडीच्या चाकाने वाळूतली अंडी फुटतात आणि दिव्याच्या उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

मी ज्या बोनकोडे गावातून हे लिहितो, तेही ठाण्याच्या खाडीकाठचेच गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्यांत आगरी-कोळ्यांची ही गावेही आली. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, इमारती उभ्या राहिल्या. जवळच तुर्भ्याला मुंबईची बाजार समिती आहे. १९९६ मध्ये फळे व भाजीपाल्याचा घाऊक बाजारही मुंबईतून इकडे आला. रात्रभर राज्यातून गाड्या येतात. त्यांतला ड्रायव्हर आपल्या गाडीतच झोपतो, केबिन हेच त्याचे घर. राहणाऱ्यांना रस्ते मोकळे हवेत, मुलांना जायला-यायला वाट हवी, म्हणून ते ‘येथे गाडी लावू नका’ म्हणतात. ड्रायव्हरला चार तास झोप हवी, कारण कायद्याने त्याचे काम दिवसाचे आठ तास धरले असले, तरी नाशवंत माल घड्याळ बघत नाही. आणि त्या गाडीत माल असतो तुमचा. ड्रायव्हर डुलकी लागून घाटात गेला, तर टोमॅटोही तुमचाच जातो. म्हणजे पाटीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी आहेत.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न नवा नव्हता. पूर्वी बाजाराला आणि जत्रेला माणसे बैलगाडीने जात. गाडीतच शिधा, गाडीखालीच झोप. म्हणून मोठ्या गावाबाहेर गाडीतळ असे. पुण्याला हडपसरच्या गाडीतळाचे नाव अजून टिकून आहे. शेजारी पाणी, सावलीला झाड, जमले तर धर्मशाळा. गावात गाडी उभी करायची नाही, पण तळावर खुशाल करावी. नुसती मनाई नव्हती, मनाईबरोबर सोयही होती.

दुसरे उदाहरण तुमच्या बांधावरचे आहे. मेंढपाळ मेंढरे घेऊन येतो. तो परका, त्याचे घर घोड्याच्या पाठीवर. तरी आपण त्याला हाकलत नाही. उलट आपल्या शेतात वाडा बसव म्हणून मागे लागतो आणि रात्रीमागे धान्य किंवा पैसे देतो. का? कारण तो जाताना लेंडीखत ठेवून जातो. पण त्याचीच मेंढरे उभ्या ज्वारीत शिरली, तर काठ्या निघतात. माणूस तोच, मेंढरे तीच. फरक एवढाच, की मुक्काम ठरवून झाला की न ठरवता, आणि मागे काय राहिले.

पंढरपूरचेही बघा. वारीला येणाऱ्या दिंड्यांबरोबर ट्रक असतात. त्यांत सामान, स्वयंपाक आणि झोपणेही होते. पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडत आणि नदीची घाण होई. उच्च न्यायालयाने वाळवंटात राहुट्या टाकण्यावर बंधने घातली. पण काम तेवढ्यावर थांबले नाही. पलीकडे पासष्ट एकरांचा तळ झाला. त्याला भक्तिसागर म्हणतात. तिथे दिंड्यांना जागा आखून दिली जाते, पाणी, वीज, शौचालये असतात. दिंड्यांची सोय झाली आणि वाळवंटावरचा भारही हलका झाला.

परदेशांतही हेच चालू आहे. तिकडे काही लोक गाडीतच बिछाना, शेगडी आणि संडास बसवून फिरतात. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांतून त्यांनाही रात्री थांबू नका अशा पाट्या भेटतात. न्यूझीलंडने २०११ साली अशा मुक्कामासाठी कायदा केला. २०२३ साली तो कडक करून, स्थानिक संस्थेच्या जागेवर गाडीत राहायचे तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, असा सर्वसाधारण नियम केला. फ्रान्समध्ये मात्र शेतकऱ्यांनीच यातून वाट काढली. ‘फ्रान्स पॅशन’ नावाच्या योजनेत द्राक्षबागाईतदार आणि शेतकरी अशा गाड्यांना एक दिवस-रात्र आपल्या शेतात फुकट थांबू देतात. अट अशी, की गाडीची घाण गाडीत राहील. पाहुण्याने काही घ्यायचे बंधन नाही. पण ज्याच्या अंगणात झोपलो त्याच्याकडून चार बाटल्या, थोडे चीज घ्यावेसे माणसाला वाटतेच. तीस वर्षांहून अधिक काळ हे चालले आहे.

आता कामाचे बोलू. प्रथम सहलीला जाणाऱ्यांसाठी.

पहिले, पाटी नीट वाचायला शिका. निळ्या गोलाला लाल कडा आणि एकच तिरपी लाल रेघ असेल, तर गाडी उभी करून ठेवण्यास मनाई. दोन रेघांची लाल फुली असेल, तर तिथे क्षणभरही थांबायचे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजारापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा.

दुसरे, पुळणीवर गाडी कधीही उतरवू नका. संध्याकाळी कोरडी दिसणारी वाळू रात्री पाण्याखाली जाते. कोकणातले कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे सुमारे तीनला पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ गावच्या कोळ्याला विचारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी नेहमीपेक्षा वर चढते.

तिसरे, बंद गाडीत शेगडी पेटवू नका आणि थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. काच चार बोटे उघडी ठेवा. मालवाहू टेम्पोत माणसे भरून जाऊ नका. ते बेकायदा तर आहेच, पण अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईतही अडचण येते.

चौथे, मुक्काम दिवस मावळायच्या आत ठरवा. ग्रामपंचायतीत, देवस्थानात किंवा वाडीवाल्याकडे जाऊन सरळ विचारा: ‘बारा माणसे आहोत, एक रात्र थांबायचे आहे, संडासाची सोय कुठे होईल?’ घरातल्या बायकांची खरी अडचण हीच असते आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत. दिवसभर पाणी न पिता बसतात. पाण्याचे दोन मोठे कॅन घरून भरून न्या. दोन पोती न्या. एकात ओला कचरा, दुसऱ्यात प्लास्टिक. कचराकुंडी मिळाली नाही तर पोती घरी परत आणा. ज्या गाडीत पीठ-तांदूळ आले, त्याच गाडीत रिकाम्या पिशव्या जड होत नाहीत.

आता किनाऱ्याजवळच्या आणि देवस्थानाच्या वाटेवरच्या शेतकऱ्यांसाठी. तुमच्याकडे चार-पाच गुंठे पडीक सपाट जागा असेल, तर तिचा विचार करा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले. त्यात गाडीतून फिरणाऱ्यांसाठी तळ उभारण्याची कल्पना आहे. नोंदणीच्या आजच्या अटी पर्यटन संचालनालयाकडून समजून घ्या आणि मगच खर्चाला हात घाला. समुद्राच्या अगदी लगत जागा असेल, तर किनारा नियमनाची बंधने आधी तपासा.

सुरुवातीला लागते थोडेच. मुरूम टाकून घट्ट केलेली जागा, एक दिवा, पाण्याचा नळ, चूल पेटवायला दगडी ओटा आणि दोन संडास. संडास दोन खड्ड्यांचा बांधा आणि खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दीड वर्षाने पहिल्यातले वाळलेले सोनखत माडाच्या आळ्यात घालता येते. सांडपाण्याला शोषखड्डा करा किंवा ते केळीला सोडा. ओल्या कचऱ्याचा गांडूळखताला उपयोग होईल. भाडे वाजवी ठेवा आणि ते पाटीवर लिहा. कोकम, आमसुले, नारळ, घरची भाकरी यांची विक्री त्यातूनच होईल.

शेवटी ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना एक विनंती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, ११७ व्या कलमात, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून गाड्यांच्या थांब्याच्या जागा ठरवण्याची तरतूद आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मनाईची पाटी लावायची तर जरूर लावा, पण तिच्या खाली दुसरी ओळ लिहा: ‘मुक्कामाची सोय अमुक ठिकाणी आहे.’ शहरांनीही बाजारात माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरसाठी हेच करावे. नुसती पहिली ओळ लिहिली, तर गाडी पुढच्या वळणावर अंधारात जाऊन थांबते आणि घाण तिथे होते. प्रश्न सुटत नाही, फक्त पुढच्या गावाच्या वेशीवर ढकलला जातो.

आणि तुमच्या घरच्या म्हातारीला समुद्र अवश्य दाखवा. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी मात्र खाली उतरून एकदा मागे वळून बघा. जागा काल संध्याकाळी होती तशीच दिसली पाहिजे.