एक्सप्लेनर : पुणे सोडून वाईत राहायचंय? घरभाड्यापलीकडचा हिशेब

वर्क फ्रॉम होममुळे छोट्या शहरात जाण्याचा विचार अनेक घरांत सुरू आहे. पुण्यापासून साधारण 90 किलोमीटरवरची वाई त्यात हमखास येते. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, पसरणी घाट चढला की पाचगणी. पण रील्समध्ये दिसते ती सुट्टीतली वाई; रोजची वाई वेगळी.

काय सोपं होतं?
भाडं कमी पडतं. मंडई, शाळा, बँक हाकेच्या अंतरावर. ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वाचतो.

काय अवघड होतं?
वाईला रेल्वे नाही, स्टेशन वाठारला. मोठ्या उपचारांसाठी सातारा किंवा पुणे गाठावं लागतं आणि पुण्याच्या वाटेत खंबाटकी घाट आहे. घरात वयस्कर आई-वडील असतील तर हा प्रश्न भाड्याच्या आधी येतो. नवरा-बायकोपैकी एकाचीच नोकरी ऑनलाइन असेल, तर दुसऱ्याच्या करिअरचं काय, हेही निघण्यापूर्वीच ठरवायला हवं.

खरा मुद्दा काय?
सामान हलतं, मत मात्र पुण्यातच राहतं. नळाचं पाणी, कचरा, गल्लीतला रस्ता नगरपरिषदेच्या हातात असतो. तिथल्या मतदार यादीत नाव नसेल तर तिच्या निवडणुकीत मतही नाही. पत्ता बदलण्यासाठीचा फॉर्म 8 ऑनलाइन भरता येतो. छोट्या शहरात नगरसेवक मंडईतही भेटतो. पण त्याला जाब विचारायचा तर आधी मतदार व्हायला हवं. नाहीतर दहा वर्षं राहूनही माणूस पाहुणाच.