बाण जरूर कापा, पण 'हंटिंग' कशाला?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे.

विषय: घरच्या घरी 'हंटिंग ॲरो' बनवणे. म्हणजे कार्बनच्या नळ्या ऑनलाईन मागवायच्या, आपल्या हाताच्या मापाने कापायच्या, मागे पिसं चिकटवायची, पुढे पत्त्यासारखी धारदार पाती असलेलं टोक बसवायचं (त्याला ब्रॉडहेड म्हणतात) आणि बाल्कनीत उभं राहून फोटो काढायचा. फोटोखाली 'बॅक टू द रूट्स'. अमेरिकेत हा छंद जुना आहे, तिथे धनुष्याने शिकार करायचा वेगळा सीझन असतो, लायसन असतं. आपल्याकडे यातलं काहीही नाही. तरी व्हिडिओ तिकडचा, नळी तिकडची आणि 'हंटिंग' हा शब्दही तिकडचाच, जसाच्या तसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत वाचायची तसदी नको. बाण घरी बनवायला जरूर शिका. इंजिनिअरिंगची इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक शिकवणी दुसरी नाही. पण त्यातला 'हंटिंग' खोडून टाका. आणि ही विद्या आपल्या खानदेशात ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, त्यांना 'आदिम' वगैरे म्हणणं सोडून गुरु माना. म्हणजे फी द्या.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, इंजिनिअरिंगचा. बाण म्हणजे टोक लावलेली काडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक पुन्हा उघडावं. दोरी सुटते तेव्हा बाणाला मागून एकदम धक्का बसतो, पुढचं जड टोक जागचं हलायला तयार नसतं, आणि मधली काडी धनुष्यासारखी वाकते. ती एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत, माशासारखी वळवळत धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून निघते. बाण डोळ्याला सरळ गेल्यासारखा दिसतो, पण तो वाकतो म्हणूनच सरळ जातो! 1930 च्या दशकात बेल लॅब्जमधल्या क्लॅरेन्स हिकमन यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे चित्रित केलं.

म्हणजे बाण किती कडक हवा, हे धनुष्याच्या जोरावर ठरतं. या कडकपणाला स्पाईन म्हणतात. फार मऊ असेल तर बाण एका बाजूला जातो, फार कडक असेल तर दुसऱ्या बाजूला. आणि इथेच 'कापण्या'चं महत्त्व येतं. दोन टोकांवर टेकवलेल्या काडीचा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 29 इंचाची काडी 28 इंच केली की तेवढ्याच वजनाखाली झोल सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतो. एका इंचात! करवत चालवली म्हणजे बाण नुसता आखूड झाला असं नाही, तो वेगळा बाण झाला.

आणि हो, फार आखूड कापलात तर बाण ओढताना टेकूवरून मागे सरकून खाली पडतो, आणि त्याच क्षणी दोरी सुटली तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. म्हणून आपल्या ओढीपेक्षा निदान एक इंच जास्त ठेवायचा. कार्बनची नळी हॅक्सॉने कापली तर तिचे धागे चिरफाळतात, आणि तिची धूळ फुफ्फुसाला चांगली नाही. तेव्हा मास्क हवा, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हा उद्योग नको. व्हिडिओत हे भाग फास्ट फॉरवर्ड होतात.

आता दुसरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ही जी गणितं आपण पुस्तकात वाचतो, ती सातपुड्यातले भिल्ल कारागीर हाताने करत आले. त्यांचा तिरकामठा बांबूचा. त्याची दोरीसुद्धा जुन्या पद्धतीत बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. शहरी माणूस हे बघून म्हणतो, "बिचाऱ्यांकडे दोरी पण नाही!" अरे भाऊ, दोरी जितकी कमी ताणेल तितकी कामठ्यातली ऊर्जा बाणाला जास्त मिळते. आजच्या ऑलिम्पिक धनुष्याला न ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची महागडी दोरी लावतात ती याच कारणासाठी. भिल्लांच्या बाणाची काडी पोकळ बोरूची किंवा बांबूची, म्हणजे हलकी आणि कडक. पुढे लोखंडी टोक, म्हणजे वजन पुढे. मागे पिसं. आता कार्बनचा बाण बघा: पोकळ नळी, पुढे धातूचं टोक, मागे पिसं. नकाशा तोच आहे, फक्त मटेरियल बदललं.

आणि अंगठ्याचं काय? एकलव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. भिल्लांमध्ये असं सांगितलं जातं की त्याच्या आठवणीने ते बाण ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ओढतात. आता ऑलिम्पिकमधला रिकर्व्हचा सामना लावा आणि खेळाडूचा हात बघा. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली, अंगठा बाजूला मोकळा! अंगठा मागून घेतला तरी विद्या काही गेली नाही. तेच बोटांचं तंत्र परदेशी कोचच्या तोंडून आलं की आपण त्याला 'टेक्निक' म्हणतो, आणि डोंगरातल्या माणसाचं असलं की 'प्रथा'. आता बोला!

बरं, धनुष्याशी आपलं नातं काही निवडणूक आयोगाने 2023 साली चिन्ह कोणाला दिलं एवढंच नाही. आमच्या भडगावच्या शेजारचा तालुका चाळीसगाव. तिथल्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, 1207 सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अर्जुनाच्या बाणांचं एक गणित आहे. निम्मे बाण कर्णाचे बाण अडवायला गेले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट घोड्यांवर, सहा शल्यावर, तीन छत्र-ध्वज-धनुष्यावर आणि एक कर्णाच्या शिरावर. तर एकूण बाण किती? (उत्तर 100. करून बघा, कॅल्क्युलेटर न घेता.)

त्याहून गमतीची गोष्ट शब्दांची. शाळेत वर्तुळाची 'जीवा' शिकलो ना? जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. जीवेपासून कंसापर्यंतच्या उंचीला जुन्या गणितात 'शर' म्हणतात, म्हणजे बाण. ज्या-जीवा हा शब्द अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये जाताना भाषांतराच्या घोळात त्याचा 'सायनस' झाला, आणि आपण रोज कोडमध्ये साईन-कोसाईन लिहितो. म्हणजे ज्या तिरकामठ्याला आपण मागासलेपणाची खूण समजतो, त्याच्याच दोरीवर आपली ट्रिगनॉमेट्री उभी आहे.

तिसरा मुद्दा, 'हंटिंग'चा. इथे मात्र मी अजिबात मऊ बोलणार नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. 1991 च्या दुरुस्तीनंतर छंद म्हणून लायसन काढून शिकार करायची जी उरलीसुरली वाट होती तीही बंद झाली. कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच. म्हणजे "मारलं नाही, नुसता नेम धरला" ही सबब चालत नाही.

आता पुढे ऐका. 2006 साली वनहक्क कायदा झाला. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा, गौण वनोपजाचा, चराईचा, पारंपरिक हक्कांचा अधिकार मिळाला. पण त्यातून एक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला: शिकारीचा. ज्या माणसाचा आजा पोटासाठी बाण मारायचा, त्याला देशाने सांगितलं की जंगल वाचवायचं आहे, तू बाण खाली ठेव. त्याने किंमत मोजली. ती किंमत योग्य होती का, त्याबदल्यात त्याला काय मिळालं, हा मोठा वाद आहे आणि व्हायलाच हवा. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याने सोडलं, आणि ज्याच्या फ्रीजमध्ये चिकन आहे, दर महिन्याला पगार जमा होतोय, तो विरंगुळा म्हणून 'हंटिंग ॲरो' बनवणार? लाज नावाची काही चीज आहे की नाही?

आणि यातला दुटप्पीपणा बघा. कंपाऊंड धनुष्य घेऊन फार्महाऊसवर उभा असलेला आयटीवाला म्हणजे 'आउटडोअर पर्सन'. तिरकामठा घेऊन रस्त्याने चाललेला भिल्ल म्हणजे 'कुठे निघाला रे? काय मारायला?' ही नजर आजची नाही. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. 1825 पासून जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली: ज्यांच्या हातात तिरकामठा होता त्यांच्यातल्याच काहींच्या हातात सरकारी बंदूक दिली, आणि बाकीचे 'बंडखोर'. पुढे 1858 च्या एप्रिलमध्ये अंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईकांचे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. आपल्या शालेय इतिहासात त्यांना किती ओळी मिळाल्या ते आठवून बघा. तिरकामठा आपल्याला चालतो तो 9 ऑगस्टच्या मिरवणुकीत, किंवा दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला. वापरणाऱ्याच्या हातात तो खुपतो.

आता आक्षेप. "शेतात रोही आणि रानडुकरं घुसतात, शेतकऱ्याने काय करायचं?" प्रश्न खरा आहे, उभं पीक रात्रीत आडवं होतं. पण त्याची वाट कायद्यात वेगळी आहे, वनखात्याची रीतसर परवानगी लागते. ती वाट खडबडीत आहे, तर ती सुधारायची मागणी करू, मी पहिली सही करतो. पण त्या शेतकऱ्याच्या आड लपून आपला छंद पुढे रेटू नका. शिवाय नवशिक्याचा बाण जनावराला मारत नाही, जखमी करतो, आणि ते दोन-तीन दिवस तडफडून मरतं. ही शूरता नाही.

"मग तू पण भिल्लांचं उगाच कौतुक करतोयस!" नाही. 50 किंवा 70 मीटरवरच्या स्पर्धेत कार्बनचाच बाण हवा, कारण डझनभर बाण केसभरही फरक न होता सारखे लागतात आणि ते काम कारखाना चांगलं करतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनला कंपाऊंडचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा ती फक्त 17 वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेता झाला. दोघंही साताऱ्यात सराव केलेले. त्यांच्या बाणांपुढे बोरूची काडी टिकणार नाही, हे भिल्ल कारागीरही सांगेल. पण बघा, या दोघांनी काय मारलं? कागद! आणि जग जिंकलं. नेमबाजीची सगळी मजा त्यात आहे, रक्ताचा थेंब नाही.

तर करायचं काय? सांगतो, उगाच टीका करून पळून जाणारा मी नाही.

सरळ बांबूच्या डझनभर काड्या घ्या. वाकड्या असतील तर मंद आचेवर शेकून हाताने सरळ करा. दोन खिळे 26 इंच अंतरावर ठोका, त्यावर काडी टेकवा, मधोमध 907 ग्रॅम (म्हणजे 2 पौंड) वजन टांगा आणि झोल मोजा. 40 पौंडांच्या धनुष्याला साधारण 16-17 मिलिमीटर झोल असलेली काडी लागते. सारख्या झोलाच्या काड्या एका गटात, बाकीच्या बाजूला. बाराच्या बारा जमल्या तर मला कळवा :-) मागे बदकाची किंवा टर्कीची पंखाची पिसं लावा. तीन पिसं, 120 अंशांवर, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर त्यांचा पीळ एकमेकांशी भांडतो. गिधाडा-गरुडाची पिसं नकोत, ती बाळगणं हाही गुन्हा. पुढे बोथट टोक. समोर गवताची पेंढी, आणि पेंढीच्या मागे भिंत किंवा मातीचा ढीग, माणसांची वाट नको.

आणि दुसरी मागणी आपल्या कॉलेजांना. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लोखंडाची पट्टी कानशीने घासली, खाचेत खाच बसवली, जर्नल लिहिलं आणि विसरलो. जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी त्यातला एक दिवस बाणाला द्यावा. सातपुड्यातल्या तिरकामठा बनवणाऱ्या कारागिराला बोलवावं. शाल-श्रीफळ आणि फोटोसाठी नव्हे, तर व्हिजिटिंग लेक्चररला जे मानधन देता तेच त्याला द्यावं. त्याने काडी निवडावी, पोरांनी तिचा झोल मोजावा, आणि त्याच्या हाताचा अंदाज आणि आपला फॉर्म्युला किती जुळतो ते फळ्यावर मांडावं. बांबूची दोरी करणारे हात म्हातारे होत चालले. त्यांच्या मुलाला त्यातून रोजगार दिसला नाही तर तो ते शिकणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

द्रोणाने न शिकवता अंगठा मागितला. आपण निदान शिकून तरी फी देऊ.