काय म्हणाले आबा?

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती. मी ओट्यावर भांडी आवरत होते आणि बाहेरच्या खोलीत आमचे चिरंजीव मोबाईल घेऊन सोफ्यावर पसरले होते. शेजारी खुर्चीत माझ्या सासूबाई. माहेर त्यांचं धारवाडकडचं, घरातलं बोलणं कानडी, म्हणून आम्ही सगळे त्यांना 'अत्ती' म्हणतो आणि मुलगा 'अज्जी'. वय वर्षं ८३.

मोबाईलमधून एक ओळखीचा आवाज आला आणि माझा हात थांबला. आबा! 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेचा जुना भाग चिरंजीवांना कुठून तरी सापडला होता आणि एकटाच खदखदून हसत होता. तेवढ्यात अत्तींनी विचारलं, "एनंद्रु अवरु?" म्हणजे काय म्हणाले ते? त्याने मान वर न करताच उत्तर दिलं, "आमेले हेळतेनि, अज्जी." नंतर सांगतो.

वाक्य अगदी साधं. आपण सगळे दिवसातून चार वेळा बोलतो. पण ते ऐकून मला एकदम इंदूरची एक खोली आठवली आणि पोटात काहीतरी हललं. ते का, हे सांगण्यासाठी बावीस वर्षांहून मागे जावं लागेल.

ज्यांना टिपरे आठवत नसतील (असं घर आपल्याकडे विरळाच!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००१ साली अल्फा मराठीवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर ती बेतलेली होती आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचं होतं. शेखर आणि श्यामला हे नवरा-बायको, शलाका आणि शिऱ्या ही त्यांची मुलं, आणि घरातले आजोबा म्हणजे आबा टिपरे. ती भूमिका स्वतः प्रभावळकरांनी केली होती. खून नाही, कट नाही, भरजरी साड्या नेसून स्वयंपाकघरात वावरणाऱ्या सुना नाहीत. घरात रोज घडतं तेवढंच घडायचं आणि तरी अख्खं घर टीव्हीपुढे बसायचं.

गंमत पाहा, मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकरांचं वय होतं अवघं सत्तावन्न. त्यांचा जन्म १९४४चा. म्हातारा रंगवणं त्यांना नवीन नव्हतं. 'हसवाफसवी'त एका नटाने सहा भूमिका करायच्या, त्यातला वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर ज्यांनी पाहिला आहे ते अजून त्याच्याबद्दल हळवे होऊन बोलतात. पण आबांचं म्हातारपण वेगळं होतं. ते रडवायला आलेलं नव्हतं. आबा नातवाशी मित्रासारखे वागायचे, मुलाला चिमटे काढायचे, सुनेची बाजू घ्यायचे, कधी स्वतःच गोंधळ घालायचे. पडद्यावरचे आजोबा म्हणजे एक तर देव्हाऱ्यातले नाही तर वृद्धाश्रमातले, या सवयीला आबांनी छेद दिला. ते आपल्या घरातले वाटायचे.

आता इंदूर. माझी धाकटी मावशी इंदूरला दिलेली. २००३च्या मे महिन्यात, माझं एम. ए. होऊन नोकरीची वाट पाहणं चालू होतं तेव्हा, मी तिच्याकडे महिनाभर राहिले. बेळगावहून पुणे आणि पुण्याहून इंदूर, असा तो लांबलचक प्रवास. पोचल्यावर मात्र परक्या गावात आल्यासारखं वाटेना. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत फेरी, आणि रात्री सराफ्यात सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे लागलेल्या गाड्यांवर भुट्ट्याचा कीस. गल्लीतून जाताना मध्येच कुठल्या तरी घरातून कुकरच्या शिट्टीबरोबर मराठी ऐकू यायचं.

तिथलं मराठी होळकरांबरोबर रुजलेलं. १८१८ साली होळकरांनी राजधानी महेश्वरहून इंदूरला आणली आणि दरबारासोबत कारकून, शिक्षक, वैद्य, भिक्षुक अशी कितीतरी घराणी तिथे स्थिरावली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, त्याच दिवशी आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात आलं. त्यामुळे घरात एक भाषा आणि दारात दुसरी हा आपला संसार त्यांचाही आहे. आपण 'काय करालास' म्हणतो तेव्हा त्यात कानडीचा सूर असतो, तसा मावशीच्या मुलांच्या मराठीत हिंदीचा. "आई, मी जरा दुकानावर जाऊन येतो," असं म्हणून माझा मावसभाऊ बाहेर पडायचा आणि ओटीवरून त्याच्या आजोबांचा आवाज यायचा, "दुकानावर नाही रे, दुकानात! दुकानावर माकडं जातात."

हे आजोबा म्हणजे मावशीचे सासरे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले, पांढरंशुभ्र धोतर, आणि कानाने बरेच अधू. श्रवणयंत्र होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीतच असायचं.

त्या घरात टिपरे म्हणजे सण होता. शाळा-कॉलेज, बाजार, शेजारपाजार सगळं हिंदीत. घरात मराठी पुस्तकं होती, पण मुलं ती उघडत नसत. आठवड्यातला तो अर्धा तास मात्र अख्खं घर मराठीत हसायचं. शेजारच्या दोन घरांतली मंडळीही यायची. मावशी आधीच भाजी चिरून ठेवायची. आम्ही मुलं सतरंजीवर, मोठी माणसं पलंगावर, आणि आप्पा मागे, दाराजवळच्या त्यांच्या आरामखुर्चीत.

आबांनी काही बोलावं, आम्ही फुटून हसावं, आणि मागून प्रश्न यावा, "काय म्हणाले?" पहिल्यांदा मावशी वळून सांगायची. दुसऱ्यांदा काका ओरडून सांगायचे. तिसऱ्यांदा कोणी वळायचं नाही, कारण तोवर पुढचं वाक्य आलेलं असायचं. एके दिवशी मी अगदी टीव्हीजवळ बसले होते. आबांचं काहीतरी रंगात आलं होतं. मागून पुन्हा "काय म्हणाले?" आलं आणि मी, पाहुणी आलेली पोर, फटकन म्हणाले, "आप्पा, थांबा ना! आबा बोलतायत. नंतर सांगते."

आप्पा म्हणाले, "बरं बरं. आबांना बोलू दे." आणि हसले. सगळेच हसले. भाग संपला, पानं घेतली, जेवणं झाली, आम्ही सराफ्यात गेलो. 'नंतर' काही आलं नाही.

मंडळी, तेव्हा मला यात काहीच वाटलं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचं ऐकता यावं म्हणून आपण दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला गप्प केलं, हे ध्यानातही आलं नाही. पुढच्या वर्षी मी कॉलेजात लागले, लग्न झालं, इंदूर मागे पडलं. २००६च्या हिवाळ्यात आप्पा गेल्याचा फोन आला. जाणं जमलं नाही.

२०११ साली मावशीचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा चार दिवस मदतीला गेले. माळ्यावरून एक पेटी उतरवली. त्यात आप्पांच्या डायऱ्या निघाल्या. फुकट मिळणाऱ्या, बँकेचं नाव छापलेल्या. मावशी म्हणाली, "तुला वाचायचा नाद आहे ना, बघ काय आहे ते. नाही तर रद्दीत जातील." मी जमिनीवर फतकल मारून बसले. आत काय असणार? दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, कोणाचं पत्र आलं, किती उकडतंय. सुवाच्य मास्तरी अक्षर. सहज म्हणून २००३चा मे काढला. तिथे चार ओळी होत्या:

'बेळगावची मुलगी आली आहे. सर्वांबरोबर टिपरे पाहिले. ऐकू आले नाही. सगळे हसले तेव्हा हसलो. दूध २ लिटर.'

तक्रार नाही, राग नाही. दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावी इतकीच ती गोष्ट त्यांच्या लेखी होती. मी मात्र ते पान घेऊन बराच वेळ बसून राहिले. त्यांचा प्रश्न आम्ही व्यत्यय समजत होतो. त्यांना मध्ये बोलायचं नव्हतंच, आमच्यात बसून हसायचं होतं. आबांचा एकेक विनोद त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळला असता, कारण तो त्यांच्याच वयाचा होता.

यात मालिकेचा दोष काडीचाही नाही. उलट घरातल्या आजोबांकडे कान द्या, हेच टिपरे आठवडा-आठवडा सांगत होते. आम्हीच ते पाहून खूश होत होतो आणि खुर्चीकडे पाठ करून बसत होतो. पडद्यावरचं म्हातारपण किती सोयीचं असतं पाहा. ते अर्ध्या तासात आटपतं. तोच प्रश्न तीनदा विचारत नाही. रात्री खोकून झोपमोड करत नाही. आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण आपल्या हातात असतं! घरातल्या माणसाला बटण नसतं.

आम्हीच तेवढे असे, असंही नाही. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा मी लहान होते, पण आई अजून सांगते. त्यातल्या दादीला, सुषमा सेठ यांच्या दादीला, कर्करोग होतो असं कथानक आलं आणि लोक इतके कळवळले की त्यांच्या आग्रहाखातर दादीचं आयुष्य वाढवावं लागलं. परक्या दादीसाठी जीव तुटणारी माणसं आपण. मला नेहमी वाटतं, त्यातल्या कितीजणांनी त्या महिन्यात आपल्या गावच्या आजीला पत्र टाकलं असेल?

इंदूरची माझी मावसबहीण आता इंग्लंडात असते. आप्पांची नात. तिने मला तिकडच्या डॉट कॉटनबद्दल सांगितलं. बीबीसीवर १९८५ पासून 'ईस्टएंडर्स' नावाची मालिका चालू आहे, तिच्यातली ही धोबीखान्यात काम करणारी, सिगारेटी ओढणारी आणि जाता-येता बायबलमधले दाखले देणारी म्हातारी. जून ब्राउन या अभिनेत्रीने मधली काही वर्षं सोडली तर २०२० पर्यंत ती रंगवली. २०२२ साली वयाच्या ९५व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांना घरातली आजी गेल्यासारखं झालं.

या डॉटचा ३१ जानेवारी २००८चा भाग तिकडे अजून नावाजला जातो. अर्ध्या तासात पडद्यावर ती एकटी. पक्षाघाताने रुग्णालयात असलेल्या नवऱ्यासाठी ती टेपरेकॉर्डरवर निरोप बोलून ठेवते आहे. बस्स, एवढंच. आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या जॉन बार्डन यांना २००७ साली खरोखरच पक्षाघात झाला होता, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. एक म्हातारी अर्धा तास बोलली आणि लाखो माणसांनी मध्ये न बोलता ऐकून घेतली. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, ते ऐकून मला आप्पांची फार आठवण आली. त्यांचं मी सलग पाच मिनिटंसुद्धा कधी ऐकलं नसेल." मी तिला डायरीतलं ते पान वाचून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

असो. तर गेल्या रविवारी "आमेले हेळतेनि" ऐकून मी हात पुसत बाहेर आले आणि चिरंजीवांच्या हातातला मोबाईल थांबवला. तो वैतागला. "काय गं आई, ऐन मजा आली होती!" म्हटलं, "तीच अज्जीला सांग. आत्ता. कानडीत."

त्याने सुरुवात केली. विनोद मराठीतला, मुंबईतला, वीस वर्षांपूर्वीच्या घरातला. कानडीत आणताना त्याची तारांबळ उडाली. मध्येच मी एक शब्द पुरवला, तो अत्तींनी चूक ठरवून दुसरा दिला. बरं, हा आबा म्हणजे कोण, नातू कोण, तो असं का म्हणाला, सगळं आलं. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागली. मोबाईलचा पडदा कधीच काळा होऊन गेला. शेवटी विनोद पोचला आणि अत्ती हसल्या, तोंडाला पदर लावून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "नम्म अप्पानू हिंगे इद्दा." आमचे वडीलही असेच होते. आणि धारवाडच्या त्या वडिलांची एक गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षं मी या घरात आहे, मी ती कधी ऐकली नव्हती.

वाचकहो, आपल्या घरांत दोन-दोन भाषांच्या आज्या आहेत. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला पडद्यावरची भाषा नीट उमजत नाही. मागच्या खुर्चीतून प्रश्न आला तर मालिका थांबवा. हल्ली ती थांबवता येते, आमच्या वेळी येत नव्हती, तेवढी एक सबब तरी आम्हाला होती.

आप्पांची २००३ची डायरी मी मागून आणली आहे. माझ्या टेबलावर असते. त्या दिवशी आबा नेमकं काय म्हणाले होते, ते मला आता आठवत नाही.