प्रशिक्षण भरपूर, पण रुजू कोण होतं? शहापूरच्या तरुणांसाठी स्थानिक संस्थेनं नेमकं काय करावं

भंडारा जिल्ह्यातलं शहापूर हे नागपूर-भंडारा महामार्गावरचं गाव. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. गावात मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनीअरिंग कॉलेज. पुढे वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, तुमसर भागात मँगनीजच्या खाणी आणि जिल्हाभर राईस मिल. नागपूर तासाभराच्या अंतरावर. नकाशा बघितला तर या पट्ट्यातल्या पोरांना कामाची वाण पडायला नको. तरी बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा पानठेल्यावर बसलेला दिसतो आणि डी.एड., बी.कॉम. झालेली मुलगी घरी असते. हे का, याचं उत्तर "पोरांना मेहनत नको" इतकं सोपं नाही.

तरुणांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे सवयीनं दोन गोष्टी होतात. एक, गुणवंतांचा सत्कार. दोन, करिअर मार्गदर्शन शिबिर. दोन्ही वाईट नाहीत. पण शिबिर संपल्यावर सोमवारी सकाळी त्या मुलानं कुठं जायचं, कोणाला भेटायचं, कोणता कागद न्यायचा, हे सांगणारं कोणी नसतं. स्थानिक संस्थेची खरी गरज इथं सुरू होते.

योजना आहेत, गळतीही आहे

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रानं पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली. 21 ते 24 वयाच्या तरुणांना देशातल्या मोठ्या 500 कंपन्यांमध्ये वर्षभर काम आणि महिन्याला 5,000 रुपये. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सव्वा लाखाच्या वर जागा दाखवल्या आणि 82,000 च्या आसपास प्रस्ताव दिले. ते सुमारे 28,000 जणांनी स्वीकारले. प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे 8,700. जागा घरापासून लांब, काम आवडीचं नाही, मुदत मोठी, अशी कारणं पुढे आली.

शहापूरच्या नजरेनं हे आकडे वाचा. पाच हजारात पुण्याला किंवा चेन्नईला खोली भाड्यानं घेऊन राहायचं कसं? घरचे म्हणतात, त्यापेक्षा इथंच गॅरेजवर जा, चार पैसे घरी तर येतील. त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. आधी मुदत सहा महिने होती, नंतर ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर मात्र ही मुलं "आता पुढे काय?" म्हणत आंदोलनाला बसली. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत अकरा महिने काम केल्यावर हातात जो कागद येतो, त्याची बाहेर किंमत काय, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे योजना आणि तरुण यांच्यामध्ये एक रिकामी जागा आहे. ती मुंबई-दिल्लीतून भरत नाही. ती भरायला गावातला, ओळखीचा, रोज भेटणारा माणूस लागतो.

नागपूरचं उदाहरण

आत्मविश्वास कसा तयार होतो, हे बघायला लांब जायची गरज नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देऊन कामाला सुरुवात केली. त्यातून 'स्लम सॉकर' उभी राहिली. 2016 मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला आणि बारसे सरांचं काम घरोघरी पोचलं.

सिनेमात मैदान दिसतं. संस्था म्हणून शिकण्यासारखी गोष्ट मात्र मैदानापलीकडची आहे. खेळायला आलेल्या मुलांतूनच पुढचे प्रशिक्षक घडवायचे, ही तिथली पद्धत. काल जो पोरगा शिव्या खात होता, तो आज लहान मुलांना वेळेवर बोलावतो, त्यांची हजेरी घेतो. त्याच्यावर काहीतरी सोपवलेलं असतं. "तू करू शकतोस" हे शंभर वेळा ऐकून जे होत नाही, ते एक जबाबदारी पार पाडल्यावर होतं.

शहापूरमध्ये यासाठी फुटबॉलच हवा असं नाही. अभ्यासिका चालवणं, दहावीच्या मुलांना गणित शिकवणं, मोहल्ल्यातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं, ही कामं कॉलेजच्या पोरापोरींवर सोपवली तरी तेच घडेल. गावात इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहेत. आठवड्यातले दोन तास त्यांच्याकडे मागायला काय हरकत आहे?

दोन टक्क्यांचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत बारा लाख होती. त्यात मुस्लिम साधारण दोन टक्के. संपूर्ण राज्यात हे प्रमाण साडेअकरा टक्के आहे. मुंबईत 1874 पासून काम करणारी अंजुमन-ए-इस्लाम आहे, नागपुरातही अंजुमनचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पण विखुरलेल्या दोन टक्क्यांसाठी इथं वेगळं कॉलेज, वेगळं वसतिगृह उभं राहणं अवघड आहे.

ही अडचण आहे, आणि एका अर्थी सोयही. इथं काम करायचं तर सगळ्यांना सोबत घेऊनच करावं लागेल. कुणबी, तेली, बौद्ध, मुस्लिम, सगळ्या घरांतल्या पोरांचे प्रश्न बरेचसे सारखेच आहेत: इंग्रजीची भीती, मुलाखतीत तोंड न उघडणं, नागपूरला जायला पैसे नसणं. ज्या मुलाला उद्या मिश्र ठिकाणी नोकरी करायची आहे, त्याची तयारीही मिश्र वर्गातच झालेली बरी.

मात्र काही अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. 2022-23 पासून केंद्रानं अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली. त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली. 2024 मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश निघाला. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर 'मार्टी' या संस्थेला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. पण मंजुरी आणि शहापूरच्या मुलाच्या हातात पडणारी मदत यांत मोठं अंतर असतं.

कागद हाच पहिला अडथळा

एक उदाहरण घेऊ. जुलै 2024 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोमीन, पिंजारी, बागवान, खाटीक अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे यातली मुलगी इंजिनीअरिंगला गेली तर शुल्काचा भार उरत नाही.

पण त्यासाठी जातीचा दाखला हवा. दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग तहसील, शाळा, कोतवाल बुक अशी धावपळ सुरू होते, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. हुशार मुलगी बी.ए.ला जाते. घरात म्हणतात, नशीब.

यात नशिबाचा काही संबंध नाही. आठवीतच कोणी कागद जमवायला लावले असते तर चार वर्षं हातात होती. एखाद्या संस्थेनं वर्षभरात बाकी काहीच न करता गावातल्या प्रत्येक आठवीच्या मुलामुलीचे दाखले पूर्ण करून दिले, तरी ते दहा शिबिरांपेक्षा मोठं काम होईल.

कारखान्याचं दार

दुसरी गोष्ट शिकाऊ उमेदवारीची. 1961 च्या कायद्यानुसार, आणि त्यातल्या 2019 च्या नियमांनुसार, 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ही मेहरबानी नाही, कायदा आहे. जिल्ह्यात अशा आस्थापना कोणत्या, त्या कोणत्या ट्रेडची मुलं घेतात, अर्ज कधी निघतात, याची एक साधी यादी संस्थेच्या दारावर लावता येईल.

जवाहरनगरचंच बघा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या आणि इथली निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. अलीकडे तिथं ठरावीक मुदतीच्या भरत्या निघाल्या. त्या एओसीपी ट्रेडची शिकाऊ उमेदवारी केलेल्यांसाठी होत्या. ज्याला हे आधी माहीत होतं, तो पात्र ठरला. ज्याला जाहिरात आल्यावर कळलं, त्याच्यासाठी वेळ निघून गेली होती.

पण याच निर्माणीत 24 जानेवारी 2025 ला स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. म्हणून तरुणांना कामाला लावणाऱ्या संस्थेनं एवढ्यावर थांबू नये. नोकरी कंत्राटी आहे का, विमा आहे का, सुरक्षेचं प्रशिक्षण मिळतं का, हे विचारायलाही शिकवावं. मालकासमोर उभं राहून हे प्रश्न नीट, अदबीनं विचारता येणं हादेखील आत्मविश्वासच आहे.

पैसा कुठून येईल?

रमजानमध्ये आपल्या वस्त्यांमधून जकात निघते. बरीचशी बाहेरगावच्या पावत्यांवर जाते. जकातीला कोण पात्र, हे ठरलेलं आहे आणि त्याबाबत गावातल्या उलेमांचा सल्ला घ्यावाच. पण पात्र घरातल्या मुलाची आयटीआयची फी, अवजारांची पेटी, नागपूरच्या परीक्षेचं भाडं, हा खर्च त्याच गावातून का होऊ नये? जे जकातीत बसत नाही त्यासाठी सदका आणि वर्गणी आहेच.

मात्र हिशेब उघडा हवा. किती मुलं आली, किती रुजू झाली, किती सहा महिन्यांनंतरही टिकली, हे तीन आकडे दर वर्षी मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. फोटो कमी लागले तरी चालतील. आणि त्या आकड्यांत मुली किती, हे वेगळं लिहावं. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, शिक्षण शुल्काची माफीही आहे. तरी मुलगी घरी राहात असेल तर अडचण पैशाची नाही, सोबतीची आणि परवानगीची आहे. चार मुली एकत्र निघाल्या की घरचा विरोध निम्मा होतो. त्या चौघींना जुळवून देणं, त्यांच्या आयांशी बोलणं, हे काम सरकारी पोर्टल करू शकत नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सत्कार होतीलच, हारही येतील. यंदा हार देताना त्या मुलाला एवढं विचारा: तुझा जातीचा दाखला झाला का? उत्पन्नाचा आहे का? पुढचा अर्ज कधी भरायचा, माहीत आहे का? उत्तर 'नाही' आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत तहसीलला कोण जाणार, हे तिथंच ठरवा.